गाडी उचल घेत नाही

संजीवने ॲक्सिलरेटर पार खाली दाबला, तरी गाडी ढिम्म. समोर कोळशाचा ट्रक होता आणि त्याला ओलांडायला उजवीकडचा रस्ता मोकळा मिळाला होता. गाडीने उसळी घेतली तोवर समोरून एसटी आली. करकचून ब्रेक दाबत संजीव पुन्हा ट्रकच्या मागे आला.

"पाह्यलं? पाह्यलं का तू?" त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. "वीस दिवस झाले याले!"

शेजारी त्याची बायको अंजू बसली होती. ती सावनेरच्या शाळेत शिकवायची. तो तिथल्याच एका कोळसा खाणीच्या कार्यालयात होता. सक्करदऱ्याच्या घरून रोज सकाळी दोघं एकाच गाडीने निघायचे.

वीस दिवसांपूर्वी त्याने आपल्या जुन्या डिझेल गाडीला बाहेरून आणलेला मोठा इंटरकूलर बसवून घेतला होता. टर्बोची तापलेली हवा थंड होऊन इंजिनात जाईल आणि गाडी आणखी जोरात पळेल, असं त्याच्या डोक्यात होतं. झालं उलटंच. पाय दाबला की आधी नुसती हवेची फुसफुस, आणि गाडी मागाहून कधीतरी जागी व्हायची.

काम ईश्वरदासांनी केलं होतं. एकेकाळी ते आणि संजीवचे वडील एकाच गल्लीत हातमागावर बसायचे. माग बंद पडले तेव्हा ईश्वरदासांनी गॅरेज टाकलं. तीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. संजीव मात्र चार वेळा गाडी घेऊन परत गेला. दर वेळी ते बॉनेट उघडून पाहायचे आणि एकच सांगायचे, "नवीन सामान आहे गा, बसाले वेळ लागते." चौथ्या वेळी गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत संजीव म्हणाला, "काका, हात थकले असतील तं शटर पाडा आता." ईश्वरदास खाली मान घालून बोटांचं ग्रीस पुसत राहिले.

शेवटी शनिवारी त्याने गाडी मनीषनगरच्या एका नव्या गॅरेजमध्ये नेली. तिथला मालक केयूर गाडीखाली शिरला आणि पाच मिनिटांत बाहेर आला.

"इंटरकूलरच्या पाइपची क्लिप ढिली आहे. हवेचा दाब तिथूनच निघून जाते."

"म्हंजे कसायला विसरले?"

"नाही. मोजून ढिली केली आहे, अन् पाइप निसटू नये म्हणून बाजूनं दुसरी पट्टी बांधली आहे. ज्यानं केलं त्याले काम चांगलंच येते, सर. कसून देऊ?"

"हात लावू नका," संजीव म्हणाला. त्याचे कान तापले होते.

तसाच तो ईश्वरदासांकडे गेला. आल्या आल्या त्याने बॉनेट उघडून पाइपकडे बोट दाखवलं.

"काका, हे तुमी केलं?"

"हो."

"काहून?"

ईश्वरदासांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तू गाडी टाकली ना, त्या दिवशी सांजेले अंजू आली होती. एकटीच, ऑटोनं. म्हणे, काका, मी रोज डोळे मिटून बसते. हळू चालवा म्हटलं तं हे आणखी दाबतात. आता तं गाडी अजून जोरात पळन. मी नोकरी सोडू का, तेवढं सांगा."

संजीव ओरडलाच, "अन् भर ओव्हरटेकमध्ये गाडी बसली असती तं?"

"चुकलंच माझं. मले वाटलं, गाडी उचलत नाही म्हटल्यावर तू नाद सोडशील. तू तं रोज तसंच दाबून राहिला." त्यांनी पाना घेतला आणि क्लिप घट्ट कसली. "घे. आता गाडीत दोष नाही."

घरी जाताना गाडी पायाच्या नुसत्या स्पर्शाने पळत होती. त्याला हवी होती अगदी तशी. पण त्याला त्याचा आनंद होईना. अंजूला काय काय सुनवायचं ते तो वाटभर मनात जुळवत होता. माझ्या पाठीमागे गेलीस. परक्यासमोर माझी इज्जत काढलीस. घरी पोचला तेव्हा ती वह्या तपासत बसली होती. "झाली का दुरुस्त?" तिने वर न पाहता विचारलं. "पाहू," एवढंच तो म्हणाला, आणि रविवारही असाच न बोलता गेला.

सोमवारी सावनेरच्या रस्त्यावर पुन्हा कोळशाचा ट्रक पुढे आला. समोर लांबवर रस्ता मोकळा होता. संजीवचा पाय सवयीने खाली गेला आणि गाडी तत्क्षणी झेपावली. ट्रकचं मागचं चाक बाजूला आलं. तेव्हा, का कोण जाणे, त्याने डावीकडे पाहिलं.

अंजूने डोळे गच्च मिटले होते. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. ओठ काहीतरी पुटपुटत होते. आठ वर्षं ती या सीटवर बसत होती, आणि आठ वर्षं तो फक्त समोर पाहत होता.

त्याने पाय उचलला. ट्रक पुढे निघून गेला आणि गाडी त्याच्या मागे येऊन संथ चालू लागली. काचेवर कोळशाची बारीक भुकटी पडत राहिली.

अंजूने डोळे उघडले. "काय झालं? काकांनी केली नाही का नीट?"

"कुठं वं," संजीव म्हणाला. "तशीच आहे अजून."