पडद्यातली चौकट
“कॅमेऱ्यात तोंड घालून बसशील, पोरीचं पहिलं पाऊल बघायचं राहील,” सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. दीड वर्षाची आयझिरेक अजून चालत नव्हती. त्याच काळजीतून माझ्यासारख्या आयांशी बोलणारे व्हिडिओ मला करायचे होते. बिश्केकच्या दुकानात मी तिला मागच्या बाकड्याला धरून उभं केलं आणि विक्रेत्याने कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवला. “बोला, ताई! हा कॅमेरा चेहरा सोडतच नाही.” मी बोलू लागले आणि पडद्यावरची चेहरा पकडणारी चौकट माझ्या चेहऱ्यावरून उडून माझ्या मागे गेली. “सोडला की हो!” म्हणेपर्यंत पडद्यात दिसलं, आयझिरेक बाकडं सोडून हात पसरून माझ्याकडे चालत येत होती! मी किंचाळलेच. आम्हा किर्गिझांत मूल चालू लागलं की त्याच्या पायांना दोरा बांधतात आणि शर्यत जिंकणारा तो कापतो. विक्रेता टाळ्या पिटत म्हणाला, “हिच्या पायांना दोरा बांधा, शर्यत लावा! पोरांना हरवून तो मीच कापणार!” “या हो शर्यतीला,” मी म्हटलं, “कॅमेरा हाच द्या!” आयांनो, तुमचं पिल्लू मागे काय करतंय, वळून बघा.