ओळखीचा आवाज

ठकीचे डोळे उघडे होते, पण ती त्यांतून बघत नव्हती. भुलीत मांजरांचे डोळे मिटत नाहीत, म्हणून डॉक्टरबाईंनी त्यांत मलम घातलं होतं. टेबलाशी उभ्या असलेल्या घरच्या सुनेला ते बघवेना.

"चार दात काढले, हिरड्या शिवल्या. काम चोख झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हातारीची मूत्रपिंडं नाजूक, म्हणून इंजेक्शनाची भूल टाळून गॅस दिला. तो लवकर उतरतो. खरं तर एव्हाना मान उचलायला हवी होती हिनं." त्यांनी गरम पाण्याची पिशवी ठकीच्या पोटाशी सरकवली. अंग अजून गारच होतं. "हाक मारून बघा. ओळखीच्या आवाजानं जाग्या होतात कधी कधी."

"ठके... ए ठकूबाई..."

कानाचं टोकसुद्धा हललं नाही. हलेल कशाला? ठकी सासूबाईंची. त्या गेल्यावर सुनेच्या हातचं खायची, तेही उपकार केल्यासारखं.

नवऱ्याला बोलवावं, तर तो बाहेरच्या बाकावर. आत यायला तयारच नव्हता. त्याची आई ऑपरेशनच्या भुलीतून परत आलीच नाही, आणि तेव्हाही तो असाच बाहेर बसून होता. "हिला काही झालं तर मला सांगूच नकोस," असं म्हणाला होता सकाळी. बिचारा! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आता भिंतीला डोकं टेकून पेंगत होता.

डॉक्टरबाईंनी ठकीच्या छातीला नळी लावली. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

मग तिनं ते केलं, जे आजवर फक्त जावेसमोर केलं होतं, स्वयंपाकघराचं दार लोटून, दोघींनी पोट धरधरून हसत. ओठ आवळले, नाकातून सूर काढला.

"कुठे मेलीस गं भवाने? ये बरं मुकाट्यानं!"

आवाज असा हुबेहूब निघाला की तिच्याच अंगावर काटा आला. सासूबाई असताना तो इतका कधी साधला नव्हता. गेलेल्या माणसाची नक्कल, शी! पण ठकीचा कान वळला होता.

"थांबू नका," डॉक्टरबाई हलकेच म्हणाल्या.

"कुठे मेलीस गं? मी कधीची एकटी बसलेय इथे!"

हे असं सासूबाई कधी म्हणाल्याचं तिला आठवेना. आपण का म्हणालो, तेही कळेना.

ठकीनं मान उचलली. ती लटपटली, पुन्हा उचलली, आणि घोगरं, लांबलचक ओरडली. डॉक्टरबाई चक्क हसल्या. तिला मात्र रडूच कोसळलं.

डोळे पुसत ती वळली, तर दार उघडलेलं. दारात नवरा, अजून अर्धवट झोपेत. त्याचा चेहरा इतका उजळलेला तिनं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"आई उठली ना?" तो म्हणाला. "आवाज आला मला."