काळ्यावर पिवळं

"मला आत सोडत नाहीये हे," बाबा म्हणाले. नाक कॉम्प्युटरच्या पडद्याला टेकायचंच काय ते बाकी होतं.

लेकीने वाकून पाहिलं. हॉस्पिटलच्या साइटवर फक्त एवढंच होतं: 'तुमच्या ब्राउझरची खात्री पटली नाही. मान्यताप्राप्त ब्राउझर वापरा.'

परवा, गुरुवारी, बाबांना डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं होतं. 'येतो' असं आज संध्याकाळपर्यंत साइटवर कळवायचं, नाहीतर वेळ गेली. सकाळी हॉस्पिटलला फोन केला, तर एका गोड आवाजाने सांगितलं की फोनवर काही होत नाही, साइटवर जा. बाबांचा एक डोळा गेलाच होता. उरलेल्याच्या मधोमध डाग होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही इंजेक्शन चुकवू नका. डाग पसरला की गेलेली नजर परत येत नाही.

बाबा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेला. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी रडत बसण्याऐवजी कुठलासा फुकटचा ब्राउझर शोधला आणि खटपट करून तो आपल्या सोयीचा करून घेतला. कुठलंही पान उघडा, काळ्यावर पिवळी, बोटभर उंच अक्षरं. जाहिराती, चित्रं, लुकलुकणारी चौकट, सगळ्यांना हाकललेलं. पाठवणाऱ्याने पान कसंही रंगवून पाठवावं, बाबा ते आपल्या हाताने पुन्हा रंगवून घ्यायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आता नेमकं तेच नडत होतं, आणि का नडतंय हे लेकीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ही खात्री करून घेणारी यंत्रणा तिच्याच कंपनीची. 'पान पाठवलं तसंच दिसलं पाहिजे, वापरणाऱ्याला त्यात हात घालता कामा नये,' असं मीटिंगमध्ये ठरलं तेव्हा तिनेही मान डोलावली होती. आता हे बाबांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

"मान्यताप्राप्त ब्राउझर इन्स्टॉल करून देते, बाबा. लगेच होईल."

झालंही. पान उघडलं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, मुंगीएवढी.

"कुठल्या गाढवाने रंगवलंय हे?" बाबा म्हणाले. "माझ्या हाताखालच्याने अशी पाटी केली असती ना, तर ब्रश काढून घेतला असता."

लेकीने रंग बदलून पाहिला, तर पान मिटलं आणि नवी ओळ आली: 'पानात फेरफार आढळला.' मुकाट्याने सगळं पहिल्यासारखं केलं, तेव्हा पान परत उघडलं.

"सरका, मीच दाबते."

"आणि पुढच्या महिन्यात? त्याच्या पुढच्या? नोकरी सोडून येणार आहेस का बटन दाबायला?" बाबा चिडले. "एवढाही परस्वाधीन झालो नाही अजून."

तेही खरंच होतं. ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि तिने ऑफिसातल्या सहकाऱ्याला गाठलं.

"नियम लागून महिना झाला," तो खुशीत होता. "एकसुद्धा तक्रार नाही!"

"तक्रार करायची कुठे?"

"साइटवरच. आत गेलं की खाली कोपऱ्यात."

"आणि ज्याला आतच जाता येत नाही त्याने?"

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"असं कुणी नाहीये गं. निदान आपल्या आकड्यांत तरी नाही."

"माझे बाबा आहेत."

"अगं, मग त्यांना सांग ना तक्रार करायला," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. हा माणूस वाईट नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

ती आत आली, तर बाबा खुर्चीत मागे रेलून घाम पुसत होते. हातात भिंग.

"जमलं की नाही! तुझ्या भरवशावर बसलो असतो तर झालंच होतं. खाली दोन चौकोन होते, एकसारखे. भिंगातून टिपला आणि दाबला. पेंटरचा हात आहे, थरथरत नाही अजून."

पडद्यावर हिरवी बरोबरची खूण होती. तिच्याखाली त्याच फिकट राखाडीत लिहिलं होतं: 'तुमची गुरुवारची वेळ रद्द झाली आहे. पुढची उपलब्ध वेळ अडीच महिन्यांनी. मान्यताप्राप्त ब्राउझर वापरल्याबद्दल आभार.'

"गुरुवारी जरा लवकरच निघू, गर्दी असते," बाबा भिंग पुसत म्हणाले. "आणि काय लिहिलंय गं शेवटी? मोठ्याने वाच ना."