यादवांच्या शिदोरीतला ठेचा

“यादवांचे सैनिक मोहिमेवर निघताना शिदोरीत भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेत,” मी सांगितलं. सगळ्या माना खाली गेल्या आणि पेनं चालू लागली.

इतकी वर्षं बीएच्या पहिल्या वर्षाला मी इतिहासाच्या नोट्सच सांगत आले. यंदा म्हटलं, पुरे. रोजच्या तासाला मुद्दाम एक थाप मारायची आणि ती मुलांनी पकडायची. पहिल्याच दिवशी तसं बजावलंही होतं. पण मॅडम चुकीचं सांगतील, हे कोणाला खरंच वाटेना. दिवाळी झाली तरी माझ्या थापा निमूटपणे वह्यांत उतरत होत्या. शेवटी आज प्राचार्यच कागद-पेन घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसले. “मॅडम, पोरांना तारखा पाठ करू द्या. पेपरात थापा विचारत नाहीत,” असं त्यांनी सकाळीच सुनावलं होतं.

कोमल मिसाळचं पेन मध्येच थांबलं. ती उभी राहिली. “मॅडम, मिरची पोर्तुगीजांनी आणली ना? यादव तर त्यांच्या कितीतरी आधीचे. मग ठेचा कशाचा?”

मी तोंड उघडणार, तोच मागून कोणीतरी म्हणालं, “पण पोर्तुगीजांनीच आणली, हे तरी कशावरून?” मग वर्गात अशी जुंपली, की घंटा झाली तरी कोणी उठेना. मला तर कोणी बोलूच देईना. वर्गात इतकं सुख मला कधी लागलं नव्हतं.

प्राचार्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या कागदावरचा ठेचा हळूच खोडला.