थोरलीचं

"दुधावर जे जमतं, त्याला तुमच्यात काय म्हणतात?" प्राध्यापक संभाजी देवकाते यांनी विचारलं आणि पेनचं टोपण काढलं.

हे बाविसावं गाव. मोरगावपासून कळंबपर्यंत आधीच्या एकवीस गावांनी एकमुखानं "साय" असं सांगून त्यांचा घात केला होता. एकानं "मलई" म्हटलं, तर तो पुण्याच्या हॉटेलातला वेटर निघाला, सुट्टीवर आलेला. परिसंवाद आठ दिवसांवर आला होता. साय या शब्दाचं मूळ काही जण संस्कृतात शोधतात आणि काही जण शोधत नाहीत, एवढ्या भांडवलावर वीस मिनिटं बोलता येत नव्हतं. एक तरी नवा शब्द हवा होता.

कऱ्हाटीच्या बानूबाईंनी चुलीवरच्या पातेल्याची ताटली उचलली. खाली जाड, सुरकुतलेला थर.

"ह्याला व्हय? थोरलीचं."

"काय?"

"थोरलीचं म्हणत्यात. आमच्या घरात."

सरांच्या अंगावर काटा आला. विद्वानांना येतो तो. मलई आली फारसी 'बालाई'वरून, बालाई म्हणजे वरचं. थोर म्हणजे मोठं, मोठं म्हणजे उंच, उंच म्हणजे वरचं! त्यांनी कागदावर शब्द लिहिला, पुढं 'नपुं.' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.

दुसरी रेघ पुरी व्हायच्या आत बानूबाईंनी गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. दोऱ्यात रुपयाएवढा चांदीचा टाक. टाकावर एक बाई, नाकडोळे झिजून गेलेली. बानूबाईंनी बोटावर साय घेतली आणि त्या झिजलेल्या तोंडाला लावली.

"गोजरबाई. मालकाची पैली बायकू. आदी तिला, मग घरातल्यास्नी."

उंबऱ्यावर बसलेले मालक, भीमाआबा, गोठ्याकडं बघत राहिले.

"तुम्ही पाहिलं होतं त्यांना?"

"कुटनं? ती गेल्यावर वरसानं मी आले. पर तिला दूध किती आटलेलं लागतं, त्ये मला ठावं हाय."

"आणि नाही दिलं तर?"

"येकदा न्हाय दिलं. नवी हुते, ताठा हुता. वरीसभर दुधावर काय धरलंच न्हाय. म्हस तीच, चूल तीच. नुसतं पांढरं पाणी."

"पेंड कमी पडली आसंल," आबा म्हणाले.

"चाळीस वरसं त्येच सांगत्यात. मग टाकाची कडी तुटली तवा बारामतीला सोनाराकडं अनवाणी कोन पळालं?"

आबांना गोठ्यात काहीतरी दिसलं असावं. ते उठून गेले.

"तुमच्या घरात काय म्हणत्यात, मास्तर?"

"साय."

"मालकीणबाईनी सांगितलं?"

"तिला विचारलं नाही." सरांची नजर टाकावरून हलेना. "माझीही दुसरीच. पहिली, लीला, सहा वर्षांपूर्वी गेली. पण ही एम.ए. आहे."

"आसंना," बानूबाई म्हणाल्या. "दूध तापीवती का न्हाय?"

पाचच्या एस.टी.नं सर बारामतीला परतले आणि लग्नाच्या पाच वर्षांत पहिल्यांदाच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"काही हवंय?" रोहिणीनं विचारलं.

"नाही. चालू दे."

तिनं निवलेल्या दुधाच्या कडेनं चमचा फिरवला. ओट्यावर स्टीलची एक छोटी वाटी होती. जेवणाच्या टेबलावरून ती रोजच दिसे; विरजणाची असेल, असं सर धरून चालले होते. पहिला चमचा त्या वाटीत गेला. उरलेली साय तुपाच्या डब्यात. तिनं वाटी बाजूला सरकवली, तशी कडेवर कोरलेली अक्षरं सरांकडं वळली. चि. सौ. कां. लीला हिस, मामाकडून.

"ही कशाला?"

"सुरुवातीला नव्हते काढत," रोहिणी म्हणाली. "दूध उतू जायचं. मी समोर उभी असताना, गॅस बारीक असताना."

"योगायोग."

"मीही तेच म्हणते. रोज, वाटी भरताना."

खिशातला कागद सरांच्या हाताला लागला. दोन रेघांचा. सवयीनं, धीर यावा म्हणून की काय, त्यांनी तो उलगडला आणि बावीस गावांत विचारलेला प्रश्न तेविसाव्यांदा सुरू केला.

"तुझ्याकडं याला काय म्हणतात..."

रोहिणीनं हातातला चमचा खाली ठेवला. आवाज न करता.

"हळू," ती म्हणाली. "तिच्यासमोर विचारता?"