निळ्या शेपटीचं विमान

जुन्या चार्टर कंपन्यांच्या विमानांची छोटी मॉडेलं जमवायचा अण्णांना भारी नाद. त्यातल्या एका डबघाईला आलेल्या कंपनीकडे आता निळ्या शेपटीचं एकच विमान उरलं होतं, आणि लेक आज नेमकी त्यानेच निघाली होती. पोचायची वेळ टळून दोन तास झाले तरी तिचा फोन नाही. अण्णांचा जीव टांगणीला लागला.

फोन वाजला. "पोरी, पोचलीस ना गं?"

"कसली पोरी? अरे, मी!" मॉडेलं जमवणारा जुना मित्र बोलत होता. लेकीच्या प्रवासाचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "तुझ्याकडचं ते निळ्या शेपटीचं विमान आजच्या आज मला दे ना, बाबा! हवं ते माग."

अण्णांनी फळीवरच्या त्या निळ्या शेपटीच्या मॉडेलकडे पाहिलं.



मित्राच्या कपाटात फक्त कोसळलेल्या विमानांना जागा होती.