भिंतीपलीकडचा हशा

इंग्रजीचे जुने सर नव्या बाईंना पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होते. बाई तास सुरू करताना रोज एखाद्या इंग्रजी शब्दाची जन्मकथा सांगायच्या, आणि भिंतीपलीकडून मुलांचा हशा आला की इकडे सरांच्या हातातला खडू मोडायचा. "एवढी विद्वत्ता आणते कुठून ही बया!" ते घरी बायकोजवळ चरफडायचे.

शेवटी सर हट्टाला पेटले. चौकातल्या वाचनालयात शब्दांच्या उगमाचा एक जाडजूड ग्रंथ होता. तो घरी देत नसत, म्हणून सर रोज शाळेआधी तिथेच बसून एक शब्द घोटून घेऊ लागले. आता त्यांच्याही वर्गात मुलं खिदळू लागली.

आज त्यांनी ऐटीत 'रायव्हल' काढला. "रायव्हल म्हणजे प्रतिस्पर्धी. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काय, तर एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे शेजारी!"

कोणी हसेना. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, हा कालच बाईंनी शेजारच्या वर्गाला सांगितला."

सरांचा तिळपापड झाला. उद्याचा शब्द आजच गाठायचा म्हणून शाळा सुटताच ते तडक वाचनालयात शिरले. संध्याकाळी ते तिथे पहिल्यांदाच येत होते. ग्रंथ कपाटात नव्हता. तो कोपऱ्यातल्या टेबलावर उघडा होता आणि त्यावर बाई वाकल्या होत्या.

बाई दचकल्या, ओशाळल्या, मग शेजारची खुर्ची ओढत म्हणाल्या,


"बसा सर. हल्ली तुमच्या वर्गात हशा पिकला की माझ्या हातातला खडू मोडतो हो!"